उतार मोजल्यावर

आमच्या सोसायटीच्या बागेसाठी बसून चालवायचा मोवर घ्यावा, हा आग्रह सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जोरात मी धरला होता. यंदाच्या वार्षिक सभेत तो घेऊ नये असं सांगायलाही मीच उभा राहिलो. मधे काय घडलं, हे अनेकांनी विचारलं. कुणाला वाटलं कमिटीत काही बिनसलं, कुणाला वाटलं पैसे कमी पडले. तसं काही झालं नव्हतं. माझं मत बदललं होतं. ते कशामुळे बदललं हे सविस्तर लिहावं असं वाटलं, कारण खारघर-बेलापूरच्या डोंगरालगतच्या आणखी काही सोसायट्यांमध्ये सध्या याच खरेदीची चर्चा चालू आहे.

आधी जागा सांगतो. आमच्या इमारती खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी आहेत. पुढची जमीन सपाट, आणि मागे ती चढत चढत वरच्या दगडी भिंतीपर्यंत जाते. भिंतीपलीकडे डोंगर. बाग सगळी मिळून २२ गुंठे. बिल्डरने माहितीपत्रकात हा अख्खा चढ एकसारखा हिरवा रंगवला होता, त्यामुळे ताबा मिळाल्यापासून सगळीकडे लॉन राखायचं हे कुणी न ठरवताच ठरून गेलं. खालच्या भागात नर्सरीवाले ज्याला मेक्सिकन म्हणतात ते मऊ गवत आहे. वर हरळी, आणि तिच्यात दरवर्षी डोंगरावरून उतरून येणारं कुसळीचं गवत.

हे सगळं कापायला दोन माळी. त्यांच्या खांद्यावर जुने टू-स्ट्रोक ग्रास कटर. जुलै-ऑगस्टमध्ये वरचा भाग कापून होईपर्यंत खालचा घोट्याच्या वर आलेला असतो. मशीन बंद केल्यावरही त्यांचे हात थोडा वेळ थरथरत राहतात, चहाचा कप धरताना ते स्पष्ट दिसतं. माझी सगळी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात, देखभाल विभागात गेली. तिथे दोनशे लिटरचे ड्रम माणसं ढकलत नेत होती ते दिवस मी पाहिले आणि फोर्कलिफ्ट आल्यावर त्याच माणसांच्या कंबरा कशा वाचल्या तेही पाहिलं. माणसाच्या अंगावरचं ओझं यंत्राने घ्यावं, यावर माझा तेव्हाही विश्वास होता, आजही आहे. म्हणून जेव्हा सिडकोच्या खारघर व्हॅली गोल्फ कोर्सच्या बाजूने जाताना एक माणूस बसल्या जागी शांतपणे रुंद पट्टा कापत जाताना दिसला, तेव्हा हे आपल्या माळ्यांना का मिळू नये, हा प्रश्न मला पडला. प्रश्न योग्यच होता. त्याचं उत्तर मी गोल्फच्या मैदानावर शोधत होतो आणि जमीन आमची वेगळी होती, एवढंच.

मी माहिती जमवायला लागलो. हाताने ढकलायच्या मोवरचा इतिहास तसा जुना आहे. इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंग या कारागिराने १८३० साली त्याचं पेटंट घेतलं. लोकरी कापडावरचे उभे राहिलेले धागे छाटणारं फिरतं पातं त्याने गिरणीत पाहिलं होतं, तेच त्याने गवतावर आणलं. पुढे इंजिन आलं, मग बसायला सीट आली. साधारण अर्ध्या एकराच्या वर लॉन असेल तर बसून चालवायचं यंत्र परवडतं, असा एक ढोबळ हिशेब या धंद्यात सांगतात. अर्धा एकर म्हणजे २० गुंठे. आमचे २२. हिशेब जुळला, आणि मी कमिटीपुढे टिपण ठेवलं.

गेल्या वर्षीच्या सभेने दोन लाख मंजूर केले. बाजारात मात्र नव्या राइड-ऑन, म्हणजे बसून चालवायच्या, यंत्रांची कोटेशनं तीन लाखांच्या पुढे सुरू होत होती, आणि त्यातली बरी वाटणारी साडेचारपर्यंत जात होती. इथून माझी खरी शोधाशोध सुरू झाली. कमीत कमी किमतीचं नवं घ्यायचं आणि वरची रक्कम पुढच्या वर्षी मागायची, की एखाद्या रिसॉर्टने काढलेलं जुनं घ्यायचं? कर्जतकडे एका ठिकाणी जुनं यंत्र बघायलाही गेलो. सीट फाटलेली होती, पण इंजिन एका हिसक्यात चालू झालं. पात्यांच्या वरचं लोखंडी झाकण, ज्याला डेक म्हणतात, ते खालून गंजून काही ठिकाणी हाताने दाबलं तर लवत होतं. कोकणच्या हवेत ओलं गवत डेकला चिकटून राहिलं की हेच होतं. ते घेतलं नाही. तरी राइड-ऑन यंत्राच्या कल्पनेवरचा विश्वास मात्र कायम होता.

स्वस्त नवी यंत्रं तपासताना पहिल्यांदा काहीतरी खटकलं. देखभालीतल्या माणसाची सवय अशी, की किमतीतला फरक दिसला की तो कुठल्या भागात आहे ते शोधायचं. दोन यंत्रं बाहेरून सारखी दिसतात. तोच ४२ इंची डेक, जवळपास तेवढ्याच अश्वशक्तीचं इंजिन, तसाच रंग. मग दीड लाख कुठे गेले? बऱ्याच अंशी ते चाकांना फिरवणाऱ्या पेटीत गेले. यांतल्या बहुतेक यंत्रांत हल्ली गिअर बदलावे लागत नाहीत, तेलाच्या दाबावर चालणारं हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन असतं. स्वस्त यंत्रात ते हलकं असतं आणि बहुतेक वेळा सीलबंद, म्हणजे त्यातलं तेल बदलायची सोयच ठेवलेली नसते. सपाटीवर ते वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतं. चढावर सतत भार पडला की तेल तापतं, पातळ होतं, आणि तासाभराने यंत्र चढायला नकार देतं. इंजिनाचंही तसंच. स्वस्त इंजिनात पंप नसतो, आतला एक छोटा फिरता भाग तेल नुसतं शिंपडतो. यंत्र बराच वेळ एका बाजूला कललेलं राहिलं तर तेल दुसऱ्या कोपऱ्यात जमतं आणि हव्या त्या जागी पोचत नाही. महाग इंजिनात पंप आणि फिल्टर असतो. म्हणजे किंमत कमी करताना ज्या भागांवर हात आखडता घेतलेला असतो, नेमके तेच भाग उतारावर सगळ्यात जास्त राबतात. कमी बजेट आणि चढाची जमीन या दोन गोष्टी या एका खरेदीत एकमेकींच्या विरोधात जातात, हे तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं. सपाट जागा असणाऱ्याने स्वस्तातलं घेतलं तर त्याचे पैसे वाचतात. आमच्यासारख्याचे दोन पावसाळ्यांत बुडतात.

तरीही मी हे पैशांचं कोडं समजत होतो. आणखी दोन लाख मागू, दणकट यंत्र घेऊ. मग यंत्रांची माहितीपुस्तकं वाचायला घेतली. जवळजवळ प्रत्येक पुस्तकात सुरुवातीच्या पानांवर एकच आकडा होता: १५ अंश. त्याहून जास्त उतारावर हे यंत्र चालवू नका. काही कंपन्या तर पुस्तकाच्या मागे एक छापील कोन देतात, तो डोळ्यांसमोर धरून झाडाच्या किंवा खांबाच्या उभ्या रेषेशी जुळवायचा आणि आपला उतार त्यात बसतो का पाहायचं. १५ अंश ऐकायला फार थोडे वाटतात. जमिनीवर ते किती असतात हे मला कळायला हवं होतं.

म्हणून एका रविवारी सकाळी एक मीटर लांबीची सरळ फळी, स्पिरिट लेव्हल आणि टेप घेऊन बागेत गेलो. फळीचं एक टोक वरच्या बाजूला जमिनीवर टेकवायचं, बुडबुडा मधे येईपर्यंत दुसरं टोक उचलायचं आणि त्या टोकाखालचं अंतर मोजायचं. एका मीटरला २७ सेंटीमीटर म्हणजे १५ अंश. खालच्या भागात हे अंतर चार-सहा सेंटीमीटरच आलं. मधल्या पट्ट्यात २० ते ३०, म्हणजे काही जागी मर्यादेच्या आत, काही जागी बाहेर. भिंतीलगतच्या पट्ट्यात ४० ते ४५ आलं. हा उतार २२ ते २४ अंशांचा. मी त्या उतारावर रोज फिरायला जाणारा माणूस, पण तो इतका असेल असं कधी वाटलं नव्हतं. पायाला तो सवयीचा झाला होता.

हिशेब वहीत मांडला. सपाट म्हणावी अशी जागा ९ गुंठे, मधला पट्टा ६, वरचा ७. ज्या २२ गुंठ्यांच्या जोरावर मी हे यंत्र मागत होतो त्यांतले जेमतेम नऊ-दहा गुंठे त्या यंत्राला चालणारे होते, आणि नऊ गुंठ्यांना बसून चालवायचं यंत्र कुणी सुचवणार नाही. उरलेली जागा, जिथे माळ्यांचे हात थरथरतात, तिथे ते न्यायचंच नव्हतं.

हा आकडा एवढा कडक का, हे थोडं खोलात जाऊन सांगायला हवं, कारण सभेतही एका तरुण सदस्याने विचारलं की ट्रॅक्टर तर डोंगरावर चालतात. अशा यंत्राचं वजन दोनशे किलोच्या आसपास असतं. त्यावर माणूस बसला की सगळ्या वजनाचा मध्य वर सरकतो. आडवं चालवलं तर ते खालच्या चाकांवर कलतं, म्हणून बसायची यंत्रं उतारावर नेहमी सरळ वर आणि सरळ खाली चालवायला सांगतात. ढकलायच्या मोवरचं उलट, तो आडवा चालवायचा, म्हणजे पाय घसरला तर माणूस त्याच्या वाटेत येत नाही. वर जाताना राइड-ऑन यंत्राचं वजन मागच्या चाकांवर येतं, चांगली पकड मिळते. खाली येताना ते पुढच्या चाकांवर जातं, आणि यंत्र चालवणारी व थांबवणारी चाकं मागचीच असतात. गवत ओलं असेल तर ती चाकं नुसती घसरतात. त्या क्षणी चालवणाऱ्याने ब्रेक दाबून काही होत नाही, कारण ब्रेक चाक थांबवतो, जमिनीवरची घसरण थांबवत नाही. झिरो-टर्न नावाचं जे वेगवान यंत्र आहे त्यात तर वळवायचं कामही मागच्या चाकांच्या वेगानेच होतं, पुढची चाकं मोकळी फिरणारी असतात. पकड सुटली की वळणंही गेलं. साध्या घरगुती यंत्रांवर उलटल्यावर माणसाला वाचवणारी लोखंडी कमान बहुधा नसते. आणि खाली पाती असतात. पात्याच्या टोकाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जातो.

आता यात आपला पाऊस घाला. मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो यानेच. ज्या देशांत ही यंत्रं वाढली तिथे गवत वाढतं तेव्हा दोन सरींच्या मधे चार कोरडे दिवस मिळतात. आमच्याकडे गवत वाढतं ते जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि या काळात ते कोरडं असतंच कधी? नवी मुंबईत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जवळजवळ सगळा या चार महिन्यांत. मातीचा थर पातळ, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड. ऑगस्टपर्यंत उघड्या मुरुमावर शेवाळ चढतं. कोरड्या १५ अंशांसाठी लिहिलेली मर्यादा आमच्या ओल्या १२ अंशांनाही पुरेशी आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. यंत्राची सगळ्यात जास्त गरज ज्या आठवड्यांत, त्याच आठवड्यांत ते बाहेर काढू नये अशी स्थिती. आणि नोव्हेंबरनंतर, जेव्हा ते निर्धास्त चालवता येईल, तेव्हा कापायला फारसं काही नाही. सात महिने ते पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभं राहणार, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल चिकट होणार, आणि जूनमध्ये मेकॅनिकला फोन करावा लागणार.

हे सगळं कागदावर. पण ज्याने ते चालवायचं त्याच्याशी मी तोवर बोललोच नव्हतो, फक्त त्याच्या वतीने बोलत होतो. आमचे थोरले माळी मुरबाडकडचे. लहानपणापासून डोंगरउतारावर विळ्याने गवत कापत आलेले. त्यांना यंत्राचा फोटो दाखवला, माझी मोजमापं सांगितली आणि विचारलं, दादा, तुम्हाला काय वाटतं? त्यांनी फोटो नीट पाहिला. म्हणाले, "काका, खालच्या अंगाला झकास आहे. वरच्या अंगाला पावसात मी चप्पल काढून उभा राहतो. बोटं रुतवावी लागतात. गाडीला बोटं कुठं असतात?"

अनवाणी पायांनी, खांद्यावर फिरतं पातं घेऊन. त्यांना यंत्राची मोठी सीट हवी असेल असं मी धरून चाललो होतो. त्यांच्या पायात धड बूट नाहीत, हे मला माहीत असायला हवं होतं. मी पुन्हा विचारलं, मग काय हवं? यादी तयारच होती. आवाज कमी असलेलं मशीन. पेट्रोलमध्ये तेल मिसळायची कटकट नको. दोन्ही खांद्यांवर वजन वाटणारा पट्टा. काटे असलेले गमबूट. आणि शेवटी, जरा थांबून, वरचं गवत दर दहा दिवसांनी कापायचं कशासाठी, ते एकदा सांगा.

या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माहितीपत्रकातल्या चित्राशिवाय दुसरं कारण मला आठवेना. वर कुणी बसत नाही, मुलं खेळत नाहीत, सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून तो पट्टा दिसतो तेवढाच. उलट दर पावसात वरून गढूळ पाणी खालच्या रस्त्यावर येतं, गटाराच्या जाळीत माती साचते, याच्या तक्रारी रजिस्टरमध्ये दरवर्षी आहेत. दर दहा दिवसांनी जमिनीसरसं छाटलेलं गवत मुळंही उथळच ठेवतं. जितकं वर वाढू द्यावं तितकं ते खाली जातं, हे कुणाही शेतकऱ्याला ठाऊक आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्याच जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. आमच्या सोसायटीच्या गवताचा त्या दुर्घटनेशी काही संबंध नाही, ओढूनताणून जोडायचाही नाही. पण रायगड जिल्ह्यात डोंगराच्या पायथ्याशी राहणारा माणूस त्यानंतर आपल्या मागच्या उताराकडे वेगळ्या नजरेने बघतो. आमच्या भिंतीची तपासणी करणाऱ्या अभियंत्यानेही हेच सांगितलं होतं: पाणी भिंतीमागे साचू देऊ नका आणि माती उघडी ठेवू नका. तो अहवाल मी वाचला होता. बागेच्या टिपणाशी तो जोडून पाहिला नव्हता, कारण बागेची फाइल वेगळी आणि स्ट्रक्चरची वेगळी.

इथे माझं मत पूर्ण बदललं. कुठलं यंत्र, या प्रश्नापासून मी सुरुवात केली होती. आता आधी विचारायचा प्रश्न हा होता, की कुठल्या भागात लॉन हवंच आहे.

वरच्या सात गुंठ्यांत लॉन नको, असं मी मांडलं. तिथे समपातळीच्या ओळींत वाळा लावायचा. वाळ्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात, आडवी पसरत नाहीत, आणि ओळ दाट झाली की वरून येणारी माती तिच्यामागे अडते. कोकण रेल्वेने आपल्या कटिंगच्या उतारांवर वाळ्याचा वापर करून पाहिला आहे, तो उगाच नव्हे. ओळींच्या मधे डोंगराचं गवत येऊ द्यायचं. ते वर्षातून एकदाच कापायचं, पावसाळा संपून बी पडून गेल्यावर, नोव्हेंबरच्या अखेरीस. त्याहून उशीर करायचा नाही, कारण खारघरच्या डोंगराला हिवाळा संपता संपता वणवे लागतात आणि वाळलेलं उंच गवत भिंतीपर्यंत आलेलं कुणालाच परवडणार नाही. भिंतीलगत एक पट्टा तर कायम साफ ठेवायचा.

गेल्या पावसात प्रयोग म्हणून वरचा एक कोपरा कापायचा थांबवला होता. जूनच्या शेवटी तिथे फोडशी उगवली. झाडलोट करणाऱ्या मावशींनी ती ओळखली आणि कुणाला विचारून भाजीला नेली. गौरी आल्या तेव्हा त्याच कोपऱ्यात तेरडा फुललेला होता. दरवर्षी पनवेलच्या बाजारातून विकत आणणाऱ्या आमच्या बायकांनी तो मागच्या अंगणातून आणला. सोनकीही दिसली. हे मी सभेत मुद्दा म्हणून मांडलं नाही, पण ज्यांच्या घरी त्या गौरी बसल्या होत्या त्यांनी आपणहून सांगितलं.

विरोध झाला आणि तो गंभीर होता. उंच गवतात साप येतात. घोणस आणि फुरसं दोन्ही या डोंगरात आहेत, आणि आमच्याकडे लहान मुलं आहेत. या भीतीला बाजूला सारता येत नाही. म्हणून पायवाटांच्या दोन्ही बाजूंना दोन मीटर गवत पावसाळाभर आखूड ठेवायचं आणि खेळायच्या जागेच्या वरच्या बाजूला एक जाळी घालायची असं ठरलं. दुसरा आक्षेप दिसण्याचा. मे महिन्यात तो पट्टा पिवळा दिसणार, फ्लॅटची किंमत उतरणार. दिसण्याबद्दल त्यांचं म्हणणं खरं आहे, तो पिवळाच दिसेल. डोंगरही तेव्हा पिवळाच असतो. त्या पिवळ्या पट्ट्यासाठी टँकरचं पाणी द्यायला मी तरी हात वर करणार नाही.

मधे काही पर्याय तपासून सोडून दिले. हवेच्या गादीवर तरंगणारा मोवर आहे, स्वीडनच्या कार्ल डाल्मन यांनी हॉवरक्राफ्ट पाहून साठच्या दशकात तो काढला. गोल्फच्या मैदानांवर बंकरच्या खड्या कडांवर तो दोरीने खाली सोडून वापरतात. आमच्या वरच्या भागाला तो बसला असता, पण इथे विक्रेता आणि सुटे भाग मिळेनात. स्वतः फिरणारा रोबो मोवरही आहे, आणि चारही चाकांवर चालणारी त्याची मॉडेलं ७० टक्के म्हणजे ३५ अंश चढ चढतात असं कंपन्या सांगतात. त्याच्या किमतीत आमच्या बागेची कित्येक वर्षं निघतील. बकऱ्या चारायची सूचनाही आली. पण त्या वाळ्याची कोवळी रोपंही खातील.

एका गोष्टीबद्दल मोकळेपणाने लिहायला हवं. माझ्या पहिल्या टिपणात खर्च किती वर्षांत वसूल होईल याचा तक्ता होता. तो विक्रेत्याने दिला होता, मी तसाच जोडला. त्यात तिसऱ्या वर्षापासून एका माळ्याचा पगार वाचतो असं गृहीत धरलं होतं. माळ्याच्या कंबरेसाठी मागितलेल्या यंत्राचा हिशेब त्याच्या नोकरीवर बेतलेला होता. त्या तक्त्याचं समर्थन मी तेव्हा केलंही होतं, कारखान्यात असेच तक्ते लागायचे म्हणून. नव्या टिपणात दोन्ही माळ्यांचे पगार दोन्ही बाजूंना तसेच ठेवले आणि वाचणारा वेळ कुठे जाईल ते लिहिलं: रोपवाटिका, कंपोस्टचे खड्डे, वाळ्याच्या ओळी.

शेवटी जे मंजूर झालं ते असं. खालच्या नऊ गुंठ्यांसाठी स्वतःच्या जोरावर पुढे सरकणारा, मागून चालत नेण्याचा पेट्रोल मोवर, पाऊण लाखाच्या आत. मधल्या पट्ट्यासाठी दोन फोर-स्ट्रोक ब्रश कटर, प्रत्येकी तीस हजारांच्या आसपास. यात पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागत नाही, आवाज आणि धूर दोन्ही कमी, आणि छोटी फोर-स्ट्रोक इंजिनं आता अशी येतात की कशीही कलली तरी तेल पोचतं. ही गोष्ट राइड-ऑनच्या स्वस्त इंजिनात मिळत नव्हती. दोन खांद्यांचे पट्टे, तोंडावरच्या जाळ्या, कानांचे मफ, काट्यांचे गमबूट दोन जोड. दगड जास्त आहेत तिथे पोलादी पात्याऐवजी नायलॉनची दोरी लावायची, असं लिहून ठेवलं. वाळ्याची रोपं, जाळी आणि माळ्यांचा अपघात विमा धरूनही बेरीज दोन लाखांच्या आत राहिली. ब्रश कटर निर्धोक आहे असं मी म्हणत नाही. उतारावर पाय त्याच्यासहही घसरतो. पण घसरलेल्या माणसाच्या अंगावर दोनशे किलोचं यंत्र येत नाही, आणि पट्ट्याची कळ ओढली की मशीन अंगापासून सुटतं. सलग किती वेळ चालवायचं यालाही मर्यादा ठरवली आहे, अर्ध्या तासानंतर दोघांनी अदलाबदल करायची. थरथर पूर्ण जाणार नाही, कमी होईल.

ज्यांची जमीन सपाट आहे आणि अर्ध्या एकरावर आहे त्यांनी राइड-ऑन जरूर घ्यावं. त्या यंत्राबद्दल माझ्या मनात काही नाही, उलट गोल्फ कोर्सच्या बाजूने जाताना मी अजूनही थांबून बघतो. फक्त दुकानात जायच्या आधी फळी आणि टेप घेऊन आपली जागा मोजावी, आणि जो चालवणार आहे त्याला सोबत न्यावं.

आम्हीही ठरावात तसं एक वाक्य घालून घेतलं: ऑर्डर देण्याआधी दोन्ही माळी मशीन खांद्यावर घेऊन, चालू करून पाहतील. वाशीच्या दुकानात दोघांनी तीन मॉडेलं पाहिली. त्यांनी निवडलेलं माझ्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होतं. मी इंजिनाची ताकद पाहून पहिलं ठरवलं होतं. त्यांनी सायकलसारखं दोन्ही हातांत येणारं हँडल पाहिलं, आणि पट्टा कमरेला कुठे टेकतो ते. तेच घेतलं.